केळ्यांच्या खोक्यातला कम्प्युटर

आता तुम्हाला काय काय सांगू? आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट मिळवली, आणि विमानतळावर एका साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देता आलं नाही. चहा घ्या आधी. माझं ऐकताना तो गार होतो, असा अनुभव आहे.

त्याचं असं झालं. मुलीने आम्हा दोघांना कॅनडाला सहा महिन्यांसाठी बोलावलं. माझं एक पुस्तक बरीच वर्षं रखडलेलं आहे, रसायनशास्त्र मराठीत सोपं करून सांगणारं. शेवटचं प्रकरण तेवढं उरलंय. वय झालं, आता नाही तर कधी? म्हटलं, तिथे निवांतपणी ते संपवायचंच.

पुस्तक आहे माझ्या जुन्या कम्प्युटरमध्ये. तुमच्या त्या मांडीवरच्या पातळ वहीसारख्यात नाही. टेबलाखाली ठेवायचा, भलामोठा लोखंडी डबा आहे तो.

"नाना, पेनड्राइव्हवर घेऊन या ना," मुलगी फोनवर म्हणाली.

"हरवला तर?"

"मग मेलवर पाठवा."

"ते पोचलं की नाही, हे मला कसं कळणार?"

"मी सांगेन की पोचलं म्हणून."

"सगळं पोचलं की अर्धं, हे तुला कसं कळणार?"

तिने फोन तिच्या आईकडे द्यायला सांगितला.

शेवटी डबाच न्यायचा ठरला, आणि तोही हातात. सामानात टाकला तर आपटतील. शेजाऱ्यांचं रावेरला केळी पॅकिंगचं काम आहे. त्यांनी परदेशात माल पाठवायचं एक मजबूत खोकं दिलं, फोमसकट. खोक्यावर चारी बाजूंनी केळ्यांचे घड छापलेले. डबा आत असा बसला, जणू मापच घेतलं होतं.

निघायच्या दिवशी धुळ्याहून थोरली बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिने आम्हा दोघांना ओवाळलं आणि मग खोक्याकडे वळली.

"भाऊ, खोकं उघड. त्याले बी कुकू लावू दे."

"अक्का, तो कम्प्युटर आहे."

"मंग? तो बी परदेशमा जाई राहिना ना?"

आता हिला काय सांगणार? तसं आमच्या घरी दर खंडेनवमीला त्याची पूजा होतेच. शेतकऱ्याचं घर आमचं. गावी माझा भाऊ ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहतो, तशी माझी बायको कम्प्युटरला वाहते. समोरच्या जाळीवर, चांगली मूठभर. पुसायचं नाही, असा तिचा दंडक. अक्काने त्यात अक्षताही टाकल्या. "बठ्ठं बरोबर व्हई जाई," म्हणाली, म्हणजे सगळं नीट होईल.

मुंबईला विमानतळावर खोकं तपासणीच्या यंत्रात गेलं, आणि आतच थांबलं. पट्टा मागे, पुढे, पुन्हा मागे. पांढऱ्या शर्टातले एक मराठी साहेब आले.

"काका, केळी आहेत का यात?"

"नाही, कम्प्युटर आहे."

"वर तर केळी आहेत."

"खोकं केळ्यांचं आहे."

"म्हणजे आधी यात केळी होती?"

"असावीत."

"असावीत म्हणजे?"

"मी पाहिलेली नाहीत. खोकं नवं दिसतं, पण खात्रीने सांगणं अवघड आहे."

मागून बायकोने कोपर मारलं. साहेबांनी खोकं उघडायला लावलं आणि कापडाची एक पट्टी त्या जाळीवरून फिरवली. पट्टी पांढरी गेली, लालपिवळी परत आली.

"ही कसली पावडर?"

"कुंकू आहे हो," बायको म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणीही बसलं असतं. पण चाळीस मुलांसमोर उभं राहायची सवय, आणि अर्धवट उत्तर देणं जिवावर येतं.

"थांब," मी तिला म्हटलं. "साहेब, कुंकू म्हणजे मुळात हळद आणि चुना. पण बाजारातल्या कुंकवात काय घालतात, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. शिसं असू शकतं. पाराही असू शकतो."

"पारा?"

"शक्यता नाकारता येत नाही."

साहेबांनी हात वर करून आणखी दोघांना बोलावलं. आमच्या मागची रांग दुसरीकडे वळवली. विमानाची वेळ जवळ येत चाललेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकाची सगळी प्रकरणं जप्त होऊन पडलेली.

"अहो, तुम्ही बोलू नका," बायको म्हणाली.

"चुकीची माहिती कशी देऊ?"

"मग कुठलीच देऊ नका."

साहेबांनी विचारलं, "हा चालू होतो का?"

"काल होत होता."

साहेबांनीच वायर जोडली. आत काय चाललंय ते बघायला डब्याच्या मागे वाकले आणि म्हणाले, "दाबा बटण."

मी दाबलं.

आतला पंखा फिरला. सगळ्या खंडेनवम्यांचं हळदकुंकू जाळीतून आत जाऊन साठलं होतं, प्रवासात हादरून सुटं झालं होतं, ते एका दमात मागून बाहेर आलं. साहेबांचा मळवट भरला. पांढरा शर्ट होळीतून आल्यासारखा झाला. पाठोपाठ अक्काच्या दोनचार अक्षता त्यांच्या मिशीवर बसल्या. बाकीचे दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांनी डोळे पुसले. "काका, आत नारळ पण आहे का?"

मी विचार करू लागलो. बायको घाईने म्हणाली, "नाही, नाही."

"आमच्याकडे पण गाडीला कुंकू लावतात," ते म्हणाले. "पण इंजिनात नाही घालत." आणि हाताने जा म्हणून खूण केली.

पोचलो एकदाचे. डबाही पोचला, चालूही झाला. मुलीने खिडकीजवळ टेबल दिलं, खुर्ची दिली. मी रोज सकाळी शेवटचं प्रकरण उघडून बसायचो आणि मनात यायचं, परत जाताना काय करायचं? इथले साहेब कुठल्या भाषेत विचारतील? कुंकवाला इंग्रजीत काय म्हणायचं? मग उठून येरझाऱ्या. असे सहा महिने गेले.

निघायच्या आठवड्यात मुलीने विचारलं, "नाना, झालं पुस्तक?"

"कसलं होतंय? हा परत कसा न्यायचा, या विचारात एक ओळ लिहून झाली नाही."

"मग इथेच ठेवून जा ना त्याला."

"अगं, मग पुस्तक कशावर लिहू?"

मायलेकी हसत सुटल्या. मी मात्र खरंच विचारत होतो.