पप्पांच्या हातातला दोर

माझी आत्तेबहीण गेल्या जूनपासून आमच्याकडे राहते. शिरपूरजवळच्या तापीकाठच्या खेड्यातून ती सुरतेत नोकरीला आली आणि उधन्यातल्या आमच्या घरात माझं अर्धं कपाट तिला मिळालं. कपाटाचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. संध्याकाळी पप्पा मिलमधून आले की चपला काढता काढताच तिच्याशी अहिराणीत बोलायला लागतात. मला सगळं समजतं, पण बोलायला गेले की तोंडातून गुजराती नाहीतर हिंदी बाहेर पडतं. माझ्याशी पप्पा जपून, शुद्ध बोलतात. बँकेतल्या बाईंशी बोलावं तसं.

शिवाय तिला पोहायला शिकवलं ते पप्पांनी. दर मे महिन्यात ते एकटेच गावी जायचे. मी आईबरोबर इथे, कारण मला इंग्रजी शाळेत घातलेलं आणि सुट्टीतही कसले ना कसले क्लास. त्यातलाच एक पोहण्याचा. निळ्या फरशांचा तलाव, डोक्याला रबरी टोपी, काठावर शिट्टी फुंकणारे सर. मी चांगली शिकले. त्याच दिवसांत तिकडे पप्पा तिच्या कमरेला दोर बांधून तिला तापीत सोडत होते. हे मला कळलं या दिवाळीत, जेवताना.

"मामा दोर सैल सोडून द्यायचे आणि सांगायचेच नाहीत!" ती म्हणाली. पप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी खाली बघून वरण-भात संपवला.

संक्रांतीला आमच्या ओळखीची खानदेशी घरं सकाळीच कामरेजच्या पुढे नदीवर जातात. अंगाला वाटलेले तीळ लावून तापीत अंघोळ करायची आणि मग घरी येऊन पतंग. मी दर वर्षी शेवटच्या पायरीवर बसून दोन लोटे अंगावर घेते आणि कुडकुडत स्वेटर शोधते. तलावात तळ दिसतो. इथे हिरवट पाण्यात स्वतःचे गुडघेसुद्धा दिसत नाहीत, आणि ओले कपडे अंगाला चिकटले की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं.

यंदा तिनं ओढणी कमरेला खोचली आणि पायरीवरून सरळ उडी मारली.

"मामा, पानी मस्त शे!"

"लांब नको जाऊ वं!" पप्पा ओरडले, पण त्या ओरडण्यात कौतुकच जास्त होतं.

शेजारी कपडे पिळणाऱ्या काकूंनी विचारलं, "तुमची मुलगी का?"

"भाची. माझीच चेली आहे ती." मग त्यांना माझी आठवण झाली. "मुलगी ही. हिलाही येतं पोहता, क्लास लावला होता. पण थंडी सोसत नाही हिला."

थंडी सोसत नाही, हे त्यांनी कधी ठरवलं कोण जाणे.

"ताई, ये ना! का केस खराब होतील?" ती पाण्यातून हसली. "मामा, ती घाबरस!"

मी घाबरलेच होते. पण त्याहून जास्त मला तिचा राग आला होता, आणि त्याहूनही जास्त काहीतरी हवं होतं. स्कूटरला पिशव्या बांधायला आणलेला नायलॉनचा दोर पप्पांच्या पायाशी पडला होता.

"पप्पा, मला दोर बांधा."

"तुला? तुला तर येतं."

"तरी बांधा."

"अगं, पाणी संथ आहे."

"तिला बांधायचात ना?"

हे मला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं बोललं गेलं. काकूंनी पिळता पिळता मान वळवली. पप्पांनी वाकून दोर उचलला आणि माझ्या कमरेला गुंडाळला. मिलमध्ये कापडाच्या गठ्ठ्याला मारतात तशी गाठ मारली आणि ओढून बघितली. "श्वास भरून घ्यायचा. तोंड मिटायचं. घाई करायची नाही." हेच सरांनी केव्हाच शिकवलं होतं. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवली.

आणि उडी मारली.

थंडी कातडीला लागलीच नाही, एकदम छातीत शिरली. आत घेतलेला श्वास बाहेर येईना. कानांत नुसता घू घू आवाज. त्या वेळी मला ना ती आठवत होती ना पप्पा. मग कमरेला हिसका बसला.

"पाय मार! पाय!"

"मारतेय!" मी ओरडले. दातांवर दात आपटत होते. हळूहळू हातांना सवयीची लय सापडली. मी प्रवाहाला तिरकी होऊन पोहायला लागले आणि पप्पा दोर सोडत पायऱ्यांवरून माझ्याबरोबर चालू लागले. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, माझ्यावरून नजर न काढता.

ती जवळ आली. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. "ताई, तू तर माझ्याहून मस्त पोहतेस. तुला कशाला दोर?"

मी पाय मारत पुढे सरकले.

"मामा, आता मला बांधा ना, पहिल्यासारखा," ती वर बघून म्हणाली.

"थांब जरा. हिचं होऊ दे."

माझी बोटं बधिर झाली होती, पायांना गोळे यायला लागले होते.

"येतेस का वर?" पप्पांनी विचारलं.

"एवढ्यात नको," मी म्हणाले आणि मुद्दाम आणखी लांबचा वळसा घेतला.