सहावी मूठ

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. थोरला भाऊ, माझा दादा, गेला त्या वर्षी मायने पाचांनंतर सहावी मूठही सुपात टाकली. माझ्या काकांनी ती परत काढली.

"वहिनी, गयेल माणूसनी मूठ धरतस नही."

 तेव्हापासून माय काकांशी बोलत नाही.

मी धुळ्याला चित्रकला शिकावी म्हणून दादाने शाळा सोडली आणि चोपड्याकडची आमची केळीची बाग सांभाळली. तिथेच मोटरचा शॉक लागून तो गेला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण ती पदवी त्याचीच आहे.

यंदा जळगावच्या एका प्रदर्शनात माझं अमूर्त चित्र लागलं. एकमेकांना टेकलेले पाच आकार, गव्हाळ आणि गेरूच्या रंगाचे: माझे वडील आबा, काका, त्यांची दोन मुलं आणि मी. मधोमध मुठीएवढा कॅनव्हास कोरा ठेवला होता. बघणाऱ्यांनी त्या कोऱ्या जागेचं कौतुक केलं. मला मात्र मायने ती ओळखावी असं वाटत होतं.

माय चपला बाहेर काढून आत आली.

"भाकरी थापेल शेतस का रे?" ती हसली. मग बोटाने आकार मोजू लागली. बोट मध्ये येऊन थांबलं.

"हाई जागा रिकामी काब सोडी?"

"तो दादा शे, माय."

तिने बोट मागे घेतलं. "मना पोऱ्या रिकामा नव्हता," म्हणाली आणि बाहेर जाऊन चपलांपाशी बसली.

मी मागोमाग गेलो. कोणता रंग भरू, असं विचारलं.

"त्याना सदरा देख."

केळीचा चीक पाण्यासारखा दिसतो, पण कापडावर वाळला की काळपट तपकिरी होतो आणि कधीच निघत नाही. मायने पेटीत ठेवलेल्या सदऱ्यावर तो खांद्यापासून खालपर्यंत ओघळलेला आहे. चित्र मी घरी आणलं. रंग कालवतो, सदऱ्याशेजारी धरतो, पुसून टाकतो. माझ्या एकाही कपड्यावर तो डाग नाही. मी बागेत गेलो की दादा बांधावरूनच ओरडायचा, "दूर रहाय, सदरा खराब व्हई जाई!"

जागा अजून कोरीच आहे.