टेन की पेनंट

आमच्या घरात मोबाइलला डोळे लावून सर्वांत जास्त वेळ कोण बसतं, असं कुणी विचारलं तर मी नवऱ्याकडे बोट दाखवते. आणि हा माणूस बघतो तरी काय, तर गाड्यांची मागची बाजू. कधी नुसतं चाक, कधी दाराची मूठ, कधी अर्धवट गंजलेला बंपर. नागपूर, इंदूर, पुणे, आमचं जबलपूर, अशा ठिकाणच्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी त्यांच्यातला एक जण जुन्या गाडीचा फोटो टाकतो आणि बाकीच्यांनी ती कुठली गाडी ते ओळखायचं. ओळखल्यावर बक्षीस काही नाही. नुसती 'वा काका' म्हणून पाठ थोपटून घ्यायची, त्यासाठी जेवणाचं ताट गार करायचं.

या खेळाचे नियम मात्र फार कडक. फोटोतला रंग काढून तो काळापांढरा करायचा, कारण रंगावरून गाडी ओळखू येते. नंबर प्लेट पुसायची, कारण त्यावरून गाव कळतं. फोटोत माणसं असतील तर कापून टाकायची, कारण कपड्यांवरून काळ कळतो. उत्तर संध्याकाळी दिवेलागणीला, आणि तोवर फोटो टाकणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही. यातले निम्मे नियम आमच्या घरातल्या सोफ्यावर बसून तयार झालेले आहेत. मी चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेली मास्तरीण, पण इतकी शिस्त मलाही कधी जमली नाही.

या नादातूनच आमच्या दारात पेनंट नावाची जुनी मोटार आली. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात, चिंचेखाली, कितीतरी वर्षं उभी होती. निवृत्त झाल्यावर नवऱ्याने ती ओढत आणली, पत्रा ठोकून घेतला, दुधी आणि हिरवा असा दुरंगी रंग दिला. नेपियर टाउनच्या आमच्या गल्लीत कोचिंग क्लासची पोरं तिच्यासोबत सेल्फी काढतात. मला ती कधीच आवडली नाही. खरं सांगते, मला तिची भीती वाटते. ब्रेक एकदा दाबून लागत नाही, दोनदा दाबावा लागतो. तिला सीटबेल्ट नाहीत, आरसा एकच आहे, आणि मागून ट्रकने हॉर्न दिला की हा माणूस कौतुकाने हात हलवतो. ती गल्लीतून बाहेर पडली की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार होतं? त्यांनी आणखी एकदा ब्रेकचं तेल बदललं असतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी मी मिक्सरवर चटणी वाटत होते, तेव्हा ते मफलर गुंडाळत आले.

"मंडला रोडनं जाऊन येतो. मागच्या दिव्याची लाल काच भेटून राहिली."

पुढे त्यांनी गावाचं नाव सांगितलं, कुणाकडे जायचं तेही सांगितलं. मिक्सरच्या आवाजात मी 'हो' म्हटलं.

"जेवायला?"

"येतो ना दुपारपर्यंत. तू काहून काळजी करून राहिली?"

मी काळजीचं अवाक्षर काढलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसलं असावं. गाडी धुराचा लोट सोडून गेली. नंतर बघते तर त्यांचा फोन चार्जिंगला तसाच लटकत होता. हा माणूस फोन विसरत नाही. फक्त पेनंट घेऊन निघताना विसरतो, कारण तेव्हा त्याला जगात दुसरं काही दिसत नाही.

दुपार झाली. भात निवला. त्यांचा फोन मात्र टिंग टिंग करत होता. शेवटी मी कावून तो बंद करायला गेले आणि समोर त्या दिवशीचा, ते निघाल्यानंतर आलेला फोटो उघडला.

एक गाडी नाल्यात आडवी पडली होती. पुढचा भाग झुडपात गेलेला. दिसत होती ती मागची बाजू, वर आलेलं एक चाक, मागच्या काचेची रिकामी चौकट आणि डिकीचा गोल उतार. आजूबाजूला वाळलेलं गवत, सागाची दोन झाडं. खाली लिहिलं होतं, 'ओळखा.'

तो डिकीचा उतार मी रोज बघते. दर रविवारी ओल्या फडक्याने तो पुसण्याचं काम माझ्याकडेच असतं. सागाची झाडं मंडला रोडला आहेत. वाळलेलं गवत जानेवारीतच असतं. मी स्वतःला म्हटलं, अगं, जुना फोटो असेल, काळापांढरा आहे. आणि लगेच आठवलं की यांच्याकडे आज सकाळी काढलेला फोटोही काळापांढराच करतात. नंबर बघावा तर तिथे बोटाने फासलेला राखी डाग. आमच्या गाडीचा डावा दिवा स्कूटरचा आहे, खरी काच मिळत नव्हती म्हणून बसवलेला. तो बघावा तर डावी बाजू खाली, गवतात.

मी त्यांच्याच फोनवरून ग्रुपमध्ये लिहिलं, 'हा फोटो कुठला आहे? आजचा आहे का?'

फोटो टाकणारे नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर. त्यांचं उत्तर आलं, 'काका, हिंट नाही भेटणार. संध्याकाळी.'

मी लिहिलं, 'मी त्यांची बायको बोलते आहे. ते याच गाडीने बाहेर गेले आहेत. कृपा करून सांगा.'

यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. इंदूरच्या एकाने लिहिलं, 'फिर भाभीजी का नाम! काका सुधरेंगे नहीं.' मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीत आमच्या ह्यांनीच माझ्या नावाने, 'वहिनी विचारतेय, सांगून टाका', असं लिहून एकाकडून उत्तर काढून घेतलं होतं आणि आठवडाभर त्यावर हसत होते. तेव्हा मीही हसले होते. आता मी खरोखरची वहिनी ओरडून सांगत होते, तर कुणी ऐकायला तयार नव्हतं.

नागपूरला फोन लावला. त्यांनी कापला आणि निरोप टाकला, 'उत्तरापर्यंत फोन बंद. नियम तुमचाच आहे, काका.' मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. रडवेला झाला होता, पण पाठवला. तो कुणी ऐकलाच नाही. सगळ्यांची जेवून आडवं होण्याची वेळ होती. इकडे पोलिसांना सांगावं तर काय सांगावं? एका खेळात एक फोटो आलाय, नंबर पुसलेला आहे, गाव मला माहीत नाही आणि नवरा कुठल्या गावी गेलाय तेही मी ऐकलेलं नाही?

शेजारच्या दीदी वाळवण न्यायला गच्चीवर चालल्या होत्या. मी त्यांच्या हातात फोन दिला.

त्यांनी एक नजर टाकली आणि छातीवर हात ठेवला. "हाय राम! ये तो भाईसाहब की गाड़ी है!"

माझा चेहरा बघून त्या घाबरल्या. "अरे नहीं दीदी, मेरे को तो सब पुरानी गाड़ियां एक जैसी दिखती हैं. आप बैठो. पानी पियो."

शेजारच्या क्लासमधून माइकवर कुणी तरी मुलांकडून सूत्रं घोकून घेत होतं, खाली कोथिंबीरवाला ओरडत होता, आणि मला वाटत होतं की सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त मलाच कुणी सांगत नाही. त्या क्षणी कळलं, आता हा फोटो मलाच ओळखावा लागणार.

म्हणून मी चष्मा पुसला आणि टेबलाशी बसले. इतकी वर्षं चहाच्या वेळी हा माणूस माझ्या कानीकपाळी ओरडत आला होता. "सगळी गाडी पाहू नको. एक कोपरा धर." पेनंटची एक बहीण आहे, टेन. अंग तेच, पण टेन साधी आणि पेनंट नटवी. पेनंटचं मागचं मडगार्ड लांब ओढून त्याला टोक काढलेलं, आणि मागची काच मोठी. टेनची काच लहान. बस, एवढंच मला येत होतं. टेन असेल तर माझा नवरा कुठे तरी चहा पीत बसला आहे. पेनंट असेल तर... पुढचं मी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

मडगार्डचं टोक गवतात होतं की नव्हतंच, ते कळेना. मग काच धरली. चौकट मोठी करून बघितली, लहान करून बघितली. भिंतीवर आमच्या पेनंटचा फ्रेम केलेला फोटो आहे, तो काढून शेजारी ठेवला. आमची काच डिकीच्या रुंदीला जवळजवळ पुरते. नाल्यातल्या गाडीची अर्ध्यावर संपत होती. पुन्हा बघितलं, बोटाने मोजलं, पुन्हा तेच. लहान होती. नक्की लहान होती. देवाशप्पथ लहान होती.

मी ग्रुपमध्ये लिहिलं, 'टेन.'

आणि मला रडू कोसळलं. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा आवाज करून पडला. मी दीदींना खालूनच हाक मारून सांगितलं, "उनकी नहीं है, मैंने पहचान ली." मग तोंड धुतलं, गार भात दह्यात कालवून खाल्ला, आणि मनातल्या मनात नवऱ्याशी भांडायची तयारी केली. थोडा तोराही आला होता मला. एका फोटोवरून नवरा जिवंत आहे हे सिद्ध करणारी बाई अख्ख्या जबलपुरात मीच असणार.

उन्हं उतरली तेव्हा गल्लीत पेनंटचा तो फुटका हॉर्न ऐकू आला. मी चपला न घालताच खाली धावले. ते लाल काच पदकासारखी उंच धरून उतरत होते.

"पाहा! खरी आहे! मालक शेतात गेला होता, म्हणून बसून राहिलो."

मी त्यांच्या हातावर फोन आपटला. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण शेजारचा क्लास थांबला होता एवढं आठवतं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून त्यांनी माझा हात धरला. वर आल्यावर मला खुर्चीत बसवलं, स्वतः चहा ठेवला. आमच्याकडे हे सहसा होत नाही.

"बरं, मग तू कशावरून ओळखली?"

"काचेवरून. लहान आहे. टेन आहे."

त्यांनी फोटो उघडला. चष्मा कपाळावर सरकवला. एवढ्याशा वेळात त्यांचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं.

"फोटो तिरका आहे ना," ते हळू आवाजात म्हणाले. "तिरक्यात काच लहानच दिसते. हे बघ, गवतातून टोक आलं आहे मडगार्डचं. पेनंट आहे ही."

माझा घास, माझा तो तोरा, सगळं चुकीच्या उत्तरावर उभं होतं. बरोबर ओळखलं असतं तर संध्याकाळपर्यंत मी जिवंत राहिले असते की नाही, मला माहीत नाही. आणि मी चुकले तरी हा माणूस समोर बसून चहा फुंकत होता, म्हणजे माझ्या ओळखण्याचा आणि त्याच्या असण्याचा काडीचाही संबंध नव्हता. दुपारपेक्षा ही भीती मोठी होती. ती गेली नाही.

दिवेलागणीला नागपूरच्या त्या गृहस्थांचा फोन आला. माझा आवाज त्यांनी तेव्हा कुठे ऐकला होता. बिचारे पुन्हा पुन्हा माफी मागत होते. "वहिनी, खरंच मला वाटलं काकाच मजा करून राहिले." फोटो फार जुना होता, रद्दीच्या दुकानात सापडलेला.

"चालवणाऱ्याचं काय झालं?" मी विचारलं.

"ते नाही माहीत. मागे काही लिहिलेलं नव्हतं."

"फोटोत कुणी माणसं होती?"

"एक बाई होती. नाल्याच्या काठावर उभी. ती कापली मी."

पुढच्या रविवारी नवऱ्याने पेनंटवरची ताडपत्री काढली. काच बसवून झाली होती, आता ती त्यांना हायवेवर घेऊन जायची होती. त्यांनी खिसा चाचपून मला फोन दाखवला, शहाण्या मुलासारखा. मी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि जाऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. दाराची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. ते त्यांनी पाहिलं.

"तू काहून येऊन राहिली? तुला तर भीती वाटते."

"वाटते," मी म्हटलं. "पण घरी बसून मला फोटो ओळखता येत नाही."