नानांचा चिनी काढा

आम्ही पाच-सहा म्हातारे इथे परदेशात, टार्निट या उपनगरातल्या तळ्याकाठी रोज सकाळी बाकावर जमतो. सगळे मुलांकडे राहायला आलेले, सगळे बीपीवाले. त्यामुळे आमच्याकडे बीपीसारखे किस्सेही आपोआप चढतात! फक्त नानांचे किस्से सांगताना हल्ली हसू मध्येच अडकतं.

*

नाना साताऱ्याचे रिटायर्ड हेडमास्तर. एकदा बाकावरून उठताना त्यांना गरगरलं. जवळच व्यायाम करणाऱ्या लियूबाईंनी धरलं म्हणून वाचले. बाई पूर्वी चीनमध्ये औषधांच्या दुकानात होत्या. दुसऱ्या दिवशी त्या थर्मॉसभर काळा काढा घेऊन हजर! बाईंना इंग्लिश येत नव्हतं, म्हणून युनिव्हर्सिटीत शिकणारी नात सोबत.

नात म्हणाली, "आजी म्हणते, तुमच्या लिव्हरमध्ये वारा उठलाय. तो डोक्यात चढतो."

"म्हणजे वात!" नाना खूश. "अहो, मग हे आपलंच औषध की!"

काढ्याचं नाव त्यान मा गोउ तंग. नाना म्हणायचे, "त्यामागून तंग!"

*

मग बाईंनी वनस्पतींच्या पुड्या दिल्या आणि नाना घरीच उकळायला लागले. सूनबाई वर्क फ्रॉम होम, मीटिंग चालू, आणि घरभर तो वास. नातू नाक दाबत किचनमध्ये आला. "आजोबा, डिड समथिंग डाय?"

नाना पातेलं ढवळत म्हणाले, "अजून नाही!"

*

एकदा पातेल्याच्या तळाशी शिंपल्याचे तुकडे सापडले. नाना अंड्याचा केकसुद्धा न खाणारे! काढ्यात शिंपला घालतातच, असं लियूबाईंच्या नातीने सांगितलं. आम्हाला वाटलं, संपलं आता.

दोन दिवस विचार करून नाना म्हणाले, "मी शिंपला खाल्ला कुठे? त्याने पाण्यात अंघोळ केली, एवढंच!"

*

लियूबाई मात्र दर वेळी नातीकडून बजावायच्या, "डॉक्टरांच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. दोन्ही घ्यायचं." नाना मान डोलवायचे. "नो वरीज!"

थंडी सुरू होताना नानांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

त्यांचा मुलगा अमेय हॉस्पिटलमधून थेट बाईंच्या दारात गेला. "तुमच्या त्या काढ्यानं माझ्या वडिलांची ही अवस्था झाली!" असं रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला. नात रडत राहिली. खरं काय ते एकट्या नानांना माहीत होतं, आणि ते बोलू शकत नव्हते.

त्यानंतर लियूबाई तळ्यावर दिसल्या नाहीत.

*

बऱ्याच आठवड्यांनी नाना घरी आले, बाईंच्या दारातला प्रकार त्यांच्या कानावर गेला, आणि त्यांच्या तोंडून पहिलं धड वाक्य आलं. "गोळ्या... मीच... बंद केल्या."

मग नानांनी बोटाने लियूबाईंच्या घराची दिशा दाखवली.

मी सोबत होतो. अमेयने व्हीलचेअर लियूबाईंच्या दारासमोर लावली. बाईंनी दार उघडलं. नानांनी डाव्या हाताने खिशातून बीपीची गोळी काढली, कशीबशी तोंडात टाकली, घोटभर पाणी घेतलं आणि गिळली हे दाखवायला लहान मुलासारखा आ केला.

"सॉरी, आंटी," अमेय म्हणाला. "आय ॲम रिअली सॉरी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नानांचं मनगट हातात घेऊन, वाकून, त्या त्यांची जीभ तपासत होत्या.