न्हावीसाहेबाची मतं आणि माझा राजद्रोह

पुण्याची माणसं लोणावळ्याला हवा खायला जातात. मला हेडमास्तरांनी धाडलं. त्यांच्या ओळखीचा एक गोरा इंजिनिअर लोणावळ्याला रेल्वेत होता. त्याचे वडील विलायतेहून आले होते, त्यांना कार्ल्याची लेणी पाहायची होती आणि सोबतीला इंग्रजी जाणणारा माणूस हवा होता. "तुम्ही इंग्रजी शिकवता, म्हणजे ते येत असेलच," असं म्हणून हेडमास्तरांनी माझी रजा परस्पर मांडली.

माघातली थंडी होती. वडगाव मागं पडलं तसं धुकं फाटलं आणि डाव्या हाताला लोहगड-विसापूर उघडे झाले. मी मात्र सगळा वेळ डब्यात बसून 'गुड मॉर्निंग, सर' वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहत होतो.

त्याची गरज पडली नाही. इंजिनिअरच्या बंगल्याच्या पायरीवर एक बुटका, फेंगड्या पायांचा म्हातारा माझी वाट बघत उभा होता. त्यानं आपणहून माझा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला. नाव हॉबसन. विलायतेत काय करत होता, असं मी अदबीनं विचारलं.

"न्हावी," तो म्हणाला. "चाळीस वर्षं."

कलेक्टरापासून मिशनऱ्यापर्यंत पुष्कळ साहेब मी लांबून पाहिले होते. पण तिकडे साहेबांची दाढी करायलाही साहेबच लागत असणार, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

बाजारातून गुडदाणी (गूळ-शेंगदाण्याची कडक वडी) बांधून घेऊन आम्ही टांग्यात बसलो. पहिल्याच घासाला हॉबसनची कवळी सरकली. ती जागेवर बसवून होते न होते तोच टांग्याच्या चाकाची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) निखळली. कार्ला अजून दोन मैल होतं. टांगेवाला चाक काढून लोहाराकडे गेला आणि आम्ही रस्त्याकडेच्या गावात शिरलो.

गावात वडाखाली गोविंदा न्हावी धोकटी (हत्यारांची पिशवी) उघडून बसला होता. भोवती दहा-बारा शेतकरी. साहेब दिसताच सगळे उठून उभे राहिले.

"साहेबाला म्हणावं, आमचा शेतसारा भरलाय," धोंडीआबा म्हणाले. गावात सगळ्यांत वडील तेच होते.

"आबा, हा तसला साहेब नाही. हा न्हावी आहे."

कुणाचाच विश्वास बसेना. हॉबसननं धोकटीतला वस्तरा उचलला, अंगठ्यावर धार पाहिली आणि चामड्याच्या पट्ट्यावर अशा सफाईनं फिरवला, की गोविंदाचा चेहरा उजळला.

"आपलाच हाय!" तो ओरडला, आणि साहेबाला ओढून समोर बसवून त्यानं गालांना साबण लावला.

न्हाव्यासमोर बसलेला माणूस बोलतो, हे मला ठाऊक होतं. समोर बसलेला माणूस स्वतःच न्हावी असला की काय होतं, हे त्या दिवशी कळलं.

"साहेबाचा मुलूख कसाय?" आबांनी विचारलं.

"बेट आहे," मी सांगितलं. "चहूकडून पाणी."

"जंजिऱ्यावानी?"

"त्याहून पुष्कळ मोठं."

"तरी बेटच म्हना की! आन् येवढ्या बेटावरनं येवढा कारभार?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. हॉबसनला भलताच आनंद झाला. कारभाराचं नावच काढू नका, म्हणाला. आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो कर कमी करू, आणि वाढवतो. दुसरा म्हणतो कर वाढवू, आणि दिलेला शब्द पाळतो. चहावर कर, तंबाखूवर कर, कुत्रा पाळला तर कुत्र्यावर कर. पूर्वी खिडक्यांवरसुद्धा होता, तेव्हा लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या.

"आमी आदीच शाने," आबा म्हणाले. "खिडक्या ठेवल्याच न्हाईत."

मी वाक्यामागून वाक्य मराठीत करत होतो आणि मला विलक्षण मजा येत होती. शाळेत मी अकरा वर्षं 'राजा दयाळू आहे' या वाक्याचं व्याकरण शिकवत होतो.

"चोऱ्यामाऱ्या?" गोविंदानं हनुवटीखाली वस्तरा धरून विचारलं.

"भरपूर," हॉबसन म्हणाला. "लहान चोराला तुरुंगात घालतात. मोठ्या चोराला सरदारकी देतात."

लोक खदखदले. एकानं विचारलं, "आन् त्याहून मोठा आसंल तर?"

हॉबसननं खांदे उडवले. "देव जाणे," एवढंच तो म्हणाला.

आणि मी, पत्नी व दोन मुलींचा पोशिंदा, मराठीत म्हणालो, "साहेब म्हणतात, त्याला बोटीत बसवून इकडे पाठवतात."

असं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. गोविंदाला वस्तरा खाली ठेवावा लागला. मग ते एकाएकी थांबलं, कारण माझ्या मागे हवालदार उभा होता.

"काय म्हणालात मास्तर? पुन्हा म्हणा. लिहून घेतो."

आमच्याच शाळेतले ड्रॉइंगमास्तर एका सभेत नुसते मागं उभे राहिले म्हणून नोकरी जाऊन घरी बसले होते. मी तर भर वडाखाली सरकारला चोर म्हटलं होतं.

हवालदारानं सगळ्यांना चावडीवर नेलं. हॉबसन अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मागोमाग आला. काय चाललंय हे मी कसंबसं सांगितलं, पण कुठलं वाक्य ते सांगायची हिंमत झाली नाही. तो हवालदारापुढे उभा राहिला आणि छाती ठोकून म्हणाला, "याच्या तोंडून जे निघालं ते सगळं माझं आहे. धरायचं तर मला धरा."

"काय म्हणतोय साहेब?" हवालदारानं मलाच विचारलं. आरोपीच्या बाजूची साक्ष आरोपीनंच मराठीत करून दिली. हवालदार घामाघूम झाला. कागदावर आधी गोऱ्याचं नाव घालावं लागणार होतं, आणि ते फौजदाराला दाखवायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्यानं मोर्चा आबांकडे वळवला.

"आबा, काय ऐकलंत? खरं सांगा."

"साहेब विंग्रजीत बोलत व्हता. आमाला काय कळतंय?"

"पण मास्तर मराठीत बोलले ना!"

"तेंचं मराठी पुन्याचं," आबा शांतपणे म्हणाले. "त्येबी आमाला कळत न्हाई."

"मग हसलात कशाला?"

आबांनी हॉबसनकडे बोट केलं. "ह्ये ध्यान बघा. अर्दी दाढी, अर्दा साबन. हसू न्हाई तर काय रडू?"

एकामागून एक साऱ्यांनी तेच सांगितलं. कुणालाही पुण्याचं मराठी कळत नव्हतं. हवालदारानं कागदाची घडी केली, "मास्तर, जिभेला आवरा," असं मला बजावलं आणि सायकलवर बसून निघून गेला.

आबांच्या ओटीवर आम्ही तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. मी आबांना हात जोडले. "मावळात मास्तर लय कमी येत्यात," ते म्हणाले. "आलेला कसा द्यायचा पोलिसाला?" गोविंदानं राहिलेला गाल पुरा केला. मग हॉबसननं गोविंदाची दाढी केली, आणि ती बघायला बायकासुद्धा दारात आल्या.

लेणी राहिलीच. दुरुस्त टांग्यातून परतताना हॉबसननं विचारलं, "मी एवढं भयंकर काय बोललो होतो?"

मी खरं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग त्याचं हसू ओसरलं.

"माझा मुलगाही बोटीतूनच आलाय," तो म्हणाला.

टांगा बंगल्यापाशी थांबला. उतरताना त्यानं सकाळसारखाच माझा हात धरला, पण हलवला नाही. "वाक्य चांगलं होतं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी स्वतःच्या नावावर बोला."

परतीच्या गाडीत मी ते शब्द घेऊन बसलो. माझ्या आयुष्यातलं पहिलं राजकीय मत मी एका न्हाव्याच्या तोंडी घालून मांडलं होतं, आणि ज्यांना माझी भाषा कळते त्यांनी ती कळत नाही असं सांगून मला सोडवलं होतं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी लेणी कशी होती, असं विचारलं. मी म्हणालो, फार जुनी आहेत. मग पाचवीच्या वर्गात गेलो. फळ्यावर माझ्या रजेआधीचं 'राजा दयाळू आहे' तसंच होतं. मुलांना म्हणालो, आज याचं नकारार्थी रूप करू.