लॅबवाल्या काकांची कोंबडी

रक्ताची नळी खिडकीशी धरून ते एक डोळा मिटायचे. रक्त खाली बसलेलं, वर पिवळसर पाणी. त्या पाण्यातून बाहेरचा निंब दिसला की म्हणायचे, "बरं हाय." अमडापूरच्या आमच्या लॅबवाल्या काकांना असं पाहिलेलं तुमच्यातही कोणी असेल.

माझ्या नळीतून निंब दिसेना. आत ताक ओतल्यासारखं धुकं.

"उपाशी आली न पोरी?"

मी तोऱ्यात हो म्हटलं. माझे वडील हृदयविकारानं तरुणपणीच गेलेले, म्हणून सासूबाई मला रोज अर्जुनाची साल म्हशीच्या दुधात उकळून द्यायच्या. त्या दिवशीही सायीसकट ग्लासभर पिऊन आले होते. पण ते तर औषध, त्यानं कुठं उपाशीपण मोडतं? तेव्हा मला फार अक्कल होती. काका हसले नाहीत. उद्या नुसत्या पाण्यावर ये, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईही सोबत. धुकं विरळ झालं, पण निंब काही उजळेना. काका बराच वेळ नळीकडं बघत राहिले.

"मावशी, बाहेर कापसाच्या खोक्यात कोंबडी शिरून राह्यली. तिले हाकलता का जराशी?"

सासूबाई गेल्या.

"आता सांग. साल सोडून आणखी काय चालू हाय?"

एक मुलगा नि एक मुलगी, एवढ्यावरच थांबायचं मी मनाशी ठरवलं होतं; घरात आणखी नातू हवे होते. मूल न होण्याच्या गोळ्या मोहरीच्या डब्यात पुरलेल्या. घरात कळलं असतं तर मोहरीआधी मीच तडतडले असते. शेवटी पुटपुटले.

"त्या गोळीनंही चरबी वाढते कोणाकोणाची. सालीच्या भरवशावर बसू नको. डॉक्टरीणबाईले सांग, त्या दुसरं काही देतीन."

कागदावर गोळीचा उल्लेखही केला नाही त्यांनी. बाहेर सासूबाईंचं "हुश्श, हुश्श" चालूच होतं. किती भोळी बाई, असं म्हणून मी मनात हसले.

गोळ्या सोडून डॉक्टरीणबाईंकडून तांबी बसवली. काही महिन्यांनी नळीत निंबाचं पान न् पान दिसलं, उन्हात हलताना.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिथं यंत्र आहे. ते खिडकीकडं बघत नाही. परवा सुनेला घेऊन गेले होते. आणखी कुठल्या गोळ्या घेता, असं तिथल्या मुलीनं विचारलं. सून माझ्याकडं बघू लागली.

"बाहेर कोंबडी आली वाटते," म्हणत मी उठले आणि बाकावर येऊन बसले.

अंगण लख्ख झाडलेलं. तिथं कोंबडी कधी नव्हतीच. सासूबाईंना तरी त्या दिवशी काय दिसलं असेल?

निंबाखालच्या उन्हाकडं बघत, आत ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हटलं, "हुश्श, हुश्श."