हौद कोरडा ठेवण्याचा ठराव

अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये पुलपिटाखाली, म्हणजे पाळक उभे राहून उपदेश करतात त्या चौथऱ्याखाली, बाप्तिस्म्याचा हौद आहे. लाकडी फळ्या उचलल्या की तो दिसतो. माणूस कळता होऊन स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देतो, तेव्हा पाळक त्याला त्यात पूर्ण बुडवून वर काढतात. मग तो मंडळीचा सभासद होतो, आणि सभासदाला मत असतं. सगळी गोम त्या मतात होती.

मंडळीत दोन तट पडले होते. चर्चची इमारत आमच्या ताब्यात, पाळकांचा बंगला त्यांच्या ताब्यात. प्रार्थनेला एकत्र बसायचो आणि डोळे मिटण्याआधी समोरच्यांची डोकी मोजायचो. मी चर्चवाल्यांची सेक्रेटरी होते. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

कमिटीची निवडणूक आली, तेव्हा बंगलेवाल्यांनी एकाच रविवारी पंधरा जणांना बाप्तिस्मा देण्याचा घाट घातला. मी ठराव मांडला, की निवडणूक होईपर्यंत कोणाचाही बाप्तिस्मा होणार नाही. टाळ्या पडल्या. हौद उपसला, फळ्यांना खिळे ठोकले. बंगलेवाले कोर्टात गेले आणि निवडणूकच लटकली.

माझे बाबा तेल्हाऱ्याच्या हिंदू शेतकरी घरातले. आईशी लग्न केल्यापासून दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे. गीतं तोंडपाठ, पण पाण्यात उतरले नाहीत. कोणी विषय काढला की म्हणायचे, "मले ढकलू नका. वाटंन तवा उतरीन." आई गेल्यावर तिला आमच्या कबरस्तानात पुरलं. तिच्याशेजारी एक जागा मोकळी होती, पण तिथे जागा फक्त सभासदांना मिळते.

दोन वर्षांनी, कोर्टातलं प्रकरण अजून लटकलेलंच असताना, बाबांना कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्या दिवशी ते म्हणाले, "आता उतरतो मी. तुया मायजवळ ठेवजो मले."

मी कमिटीपुढे गेले. आमचेच अध्यक्ष म्हणाले, "बाई, एक फळी उचलली का ते पंधरा जन दारात उभे राहतीन. ठराव तुमचाच हाये."

मग अमरावतीच्या पाळकांना फोन केला. अमरावतीचा बाप्तिस्म्याचा दाखला अकोल्यात मताला चालत नाही, पण कबरस्तानाला चालतो. ते बंगलेवाल्यांच्या बाजूचे. तरी लगेच तयार झाले. घरी टाकी भरून ठेवा, मी येतो, म्हणाले. "फक्त मी आलो की एक पत्र हातात द्या. चर्चवाल्यांना सोडून आमच्याकडे आलात म्हणून."

पत्राला पाच मिनिटं पुरली असती. मी चार दिवस घालवले. त्या लोकांपुढे नाक घासायचं, हे मला जमेना. बाबा रोज विचारायचे, "कावून वो, टाकी भरून राह्यले का नाई?" मी म्हणायचे, "भरून राह्यले, बाबा." अंगणात टाकी आणलीसुद्धा नव्हती.

चौथ्या रात्री त्यांना धाप लागली, तेव्हा कुठे मी पत्र लिहून फोन केला. पाळक पहाटेच निघाले. ते मूर्तिजापूरला पोचले तेव्हा बाबा गेले होते. मी त्यांना परत फिरायला सांगितलं आणि पत्र फाडून टाकलं.

कबरस्तानासाठी अर्ज केला. कमिटीने नियम दाखवला. दुपारी तेल्हाऱ्याहून काका आले. ते भांडायला आले नव्हते. मला जवळ घेऊन म्हणाले, "पोरी, तुये लोक जागा देत नसतीन तं आमी नेतो आमच्या भावाले." गावाच्या स्मशानात चुलतभावाने अग्नी दिला. माझ्याइतका नालायक माणूस त्या गर्दीत दुसरा नव्हता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं, आणि सगळे माझंच सांत्वन करत होते.

आईशेजारची जागा अजून मोकळी आहे. मी सभासद आहे. ती मला मिळेल.